ट्रॅक्टर व पिकअपच्या प्लॅस्टिक भागांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण

शेतीमध्ये यांत्रिकीकरण वाढले, तसा शेतकऱ्यांच्या दारात ट्रॅक्टर, पिकअप व मोटारसायकल यांचा वापरही वाढला. पूर्वी या वाहनांचे बहुतेक बाह्य भाग पत्र्याचे असत. भाग फुटला की गावातील वेल्डिंगच्या दुकानात नेऊन जोडून आणता येत असे. आता मात्र बंपर, पुढची जाळी, दिव्यांची चौकट, चाकावरील आतले अस्तर, रेडिएटरच्या पंख्याभोवतीचे वेष्टन, मोटारसायकलचे मडगार्ड व बाजूचे पॅनेल हे भाग प्लॅस्टिकचे येतात. ट्रॅक्टरच्या काही मॉडेलांत मडगार्ड व छत फायबरचे असते. प्लॅस्टिक वजनाला हलके, न गंजणारे आणि किरकोळ धक्का सोसणारे आहे. परंतु ते तडकल्यावर काय करावे याची माहिती नसल्याने बरेच शेतकरी तारेने बांधून किंवा मिळेल तो डिंक लावून वेळ मारून नेतात. काही दिवसांतच तडा वाढतो आणि संपूर्ण भाग बदलावा लागतो.

तडकलेला भाग केवळ दिसायला वाईट असतो असे नाही. पंख्याभोवतीचे वेष्टन सैल होऊन पंख्यात अडकले तर पंख्याची पाती व रेडिएटर दोन्हींचे नुकसान होते आणि ऐन पेरणीत ट्रॅक्टर उभा राहतो. दिव्याची चौकट मोडली तर दिवा खाली झुकतो. ऊस वाहतुकीच्या हंगामात रात्री रस्त्यावर चालणाऱ्या वाहनाचा दिवा नीट नसणे म्हणजे अपघाताला आमंत्रणच होय. लोंबणारा बंपर किंवा अस्तर चाकात गुंतण्याचाही धोका असतो. म्हणून असे भाग वेळीच आणि योग्य पद्धतीने दुरुस्त करणे गरजेचे आहे. ही दुरुस्ती थोड्या साहित्यात घरच्या घरी करता येते. त्यासाठी एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी : आधी प्लॅस्टिकची जात ओळखावी आणि मगच जोडाची पद्धत ठरवावी. बियाण्याची जात माहीत नसताना जसे खताचे व फवारणीचे वेळापत्रक ठरवता येत नाही, तसेच येथेही आहे.

प्लॅस्टिकचे भाग का तडकतात?

दुरुस्तीपूर्वी तडा का गेला याचा शोध घ्यावा. कारण दूर केले नाही तर जोड कितीही चांगला असला तरी त्याच्या शेजारी नवा तडा जातो. सर्वसाधारणपणे पुढील कारणे आढळतात.

१) ऊन : सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे प्लॅस्टिकचे लांब रेणू तुटतात. पृष्ठभाग पांढुरका व खडूसारखा होतो आणि भाग ठिसूळ बनतो. काळ्या प्लॅस्टिकमध्ये काजळी मिसळलेली असल्याने ते उन्हात जास्त टिकते.

२) हादरे : ट्रॅक्टरच्या इंजिनाचे व खडबडीत रस्त्याचे हादरे बोल्टच्या छिद्राभोवती एकवटतात. बोल्टखालील रबरी वायसर झिजून किंवा हरवून गेलेला असेल तर तडा हमखास तेथूनच सुरू होतो.

३) बोल्ट अति आवळणे : उन्हाने तापल्यावर प्लॅस्टिक लोखंडापेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावते. एक मीटर लांबीची पॉलिप्रॉपिलीनची पट्टी ३० अंश सेल्सिअसने तापली तर सुमारे ३ ते ४ मि.मी. वाढते. तेवढ्याच लांबीचे लोखंड अर्ध्या मि.मी.हूनही कमी वाढते. बोल्ट घट्ट आवळल्यास या वाढीला जागा मिळत नाही आणि कान मोडतात.

४) भलता भार : ट्रॅक्टरच्या मडगार्डवर माणसे बसवल्याने फायबरचे मडगार्ड बुडापाशी तडकते. मडगार्ड ही बसण्याची जागा नव्हे. त्यात भाग मोडतो ही गोष्ट दुय्यम आहे. तोल जाऊन माणूस चाकाखाली जातो हा खरा धोका आहे.

५) पेट्रोल, थिनर अशा द्रवांनी पुसणे : काही जातींचे प्लॅस्टिक अशा द्रवांनी मऊ पडते किंवा त्यावर बारीक भेगांचे जाळे उमटते. धुण्यासाठी साबणाचे पाणीच वापरावे.

प्लॅस्टिकचे दोन मुख्य गट

पहिल्या गटातील प्लॅस्टिक तापवले की मऊ होते, वितळते आणि थंड झाले की पुन्हा कडक होते. मेण जसे वितळते व थिजते तसेच हे आहे. पॉलिप्रॉपिलीन, पॉलिथिलीन, एबीएस, नायलॉन, पॉलिकार्बोनेट ही या गटातील उदाहरणे होत. यांचा जोड उष्णता देऊन करता येतो.

दुसऱ्या गटातील प्लॅस्टिक एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही. जास्त तापवल्यास ते करपते. भाजलेली वीट पुन्हा चिखल होत नाही, तसाच हा प्रकार आहे. आपण ज्याला फायबर म्हणतो ते काचेच्या धाग्यांनी मजबूत केलेले पॉलिस्टर रेझिन या गटात मोडते. अमेरिकेत १९५३ साली कॉर्व्हेट या मोटारीचे संपूर्ण शरीर याच पदार्थाचे बनवले गेले. याचा जोड उष्णतेने होत नाही. काचेची चटई व रेझिन यांचे थर देऊनच तो करावा लागतो.

प्लॅस्टिकची जात कशी ओळखावी?

१) खूण वाचणे : भाग काढून त्याची आतली बाजू स्वच्छ धुवावी. बहुतेक भागांवर कोनाकृती कंसात इंग्रजी अक्षरे उठावदार छापलेली असतात. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, पीई म्हणजे पॉलिथिलीन, पीए म्हणजे नायलॉन आणि पीसी म्हणजे पॉलिकार्बोनेट. बंपरवर अनेकदा पीपी अधिक ईपीडीएम व पुढे टी २० असे लिहिलेले असते. याचा अर्थ रबर मिसळलेले पॉलिप्रॉपिलीन असून त्यात २० टक्के शंखजिऱ्याची पूड आहे. जीएफ ३० असे असल्यास त्यात ३० टक्के काचेचे तंतू आहेत असे समजावे.

२) पाण्याची परीक्षा : खूण सापडली नाही तर आतील कडेचा नखाएवढा तुकडा कापून पाण्यात टाकावा. पाण्यात साबणाचा थेंब टाकावा म्हणजे तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटणार नाहीत. पॉलिथिलीन व साधे पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगते. एबीएस, नायलॉन व पॉलिकार्बोनेट बुडतात. मात्र शंखजिरे मिसळलेले पॉलिप्रॉपिलीनही बुडते. त्यामुळे तरंगणारा तुकडा पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचा आहे असे म्हणता येते, परंतु बुडणारा तुकडा त्यांपैकी नाहीच असे म्हणता येत नाही.

३) ॲसिटोनची परीक्षा : आतल्या बाजूस न दिसणाऱ्या जागी ॲसिटोनचा एक थेंब टाकून अर्ध्या मिनिटाने बोट लावून पाहावे. एबीएस चिकट व मऊ होते. पॉलिप्रॉपिलीन, पॉलिथिलीन व नायलॉनवर काहीही परिणाम होत नाही. पारदर्शक भागांवर ही परीक्षा करू नये, कारण ते पांढरे पडतात व तडकतात.

४) जोडकाडीची परीक्षा : ही सर्वांत भरवशाची परीक्षा आहे. ज्या जातीची शंका असेल त्या जातीची काडी भागाच्या आतल्या बाजूस वितळवून चिकटवावी. थंड झाल्यावर पक्कडीने ओढून पाहावी. काडी सालीसारखी निघून आली तर जात वेगळी आहे. ओढताना भागाचे प्लॅस्टिकही सोबत उचकटले तर जात तीच आहे.

५) फायबर ओळखणे : मोडलेल्या कडेला काचेचे पांढरे धागे दिसतात. मागची बाजू खडबडीत असते व तिच्यावर चटईची वीण जाणवते. घासल्यास पांढरी भुकटी निघते.

तक्ता : प्लॅस्टिकची जात व योग्य जोड

| जात | सर्वसाधारणपणे कोठे आढळते | योग्य पद्धत |
|---|---|---|
| पॉलिप्रॉपिलीन | बंपर, चाकाचे अस्तर, मोटारसायकलचे मडगार्ड, पंख्याचे वेष्टन | वितळजोड, तापवलेल्या पिना, जाळी |
| पॉलिथिलीन | पाण्याची छोटी टाकी, नळ्या | वितळजोड |
| एबीएस | पुढची जाळी, बाजूचे पॅनेल, दिव्यांची चौकट | ॲसिटोनमधील लगदा किंवा वितळजोड |
| नायलॉन | क्लिपा, काही पंखे व वेष्टने | वितळजोड. भाग कोरडा असणे आवश्यक |
| फायबर | ट्रॅक्टरचे मडगार्ड व छत | काचेची चटई व पॉलिस्टर रेझिन |

पॉलिप्रॉपिलीन व पॉलिथिलीन ही दोन प्लॅस्टिके तेलकट स्वभावाची आहेत. त्यांना बाजारातील झटपट चिकटणारा डिंक, इपॉक्सी किंवा पॉलिस्टर रेझिन धरत नाही. वरवर चिकटल्यासारखे वाटते, परंतु पहिल्याच हादऱ्याला ते सुटते. बंपरवरील डिंकाचे जोड फसतात त्याचे कारण हेच आहे.

दुरुस्त करावा की बदलावा?

भाग शाबूत असून एक-दोन तडे गेले असतील किंवा एखादा कान मोडला असेल तर दुरुस्ती फायद्याची ठरते. भाग हाताने वाकवल्यावर नव्या जागी कडकन तडकत असेल, पृष्ठभागाची खडूसारखी भुकटी निघत असेल किंवा मोडलेले तुकडे हरवले असतील तर भाग बदललेलाच बरा. उन्हाने कुजलेल्या प्लॅस्टिकवर केलेला जोड म्हणजे जीर्ण कापडावर लावलेले नवे ठिगळ होय. साहित्य व मजुरी मिळून नव्या भागाच्या निम्म्याहून जास्त खर्च येत असल्यास नवीन भागाचा विचार करावा.

लागणारे साहित्य

ड्रिल मशीन व ३ मि.मी.चे पाते, धारदार चाकू, कानस, ८० व १८० नंबरचा पॉलिश पेपर, ६० ते ८० वॅटचे चपट्या टोकाचे सोल्डरिंग आयर्न, शक्य असल्यास गरम हवेची बंदूक, स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी, रुंद वायसर, रबरी वायसर, पकडी, साबण, ॲसिटोन, चामडी हातमोजे, रबरी हातमोजे, संरक्षक चष्मा आणि नाका-तोंडावर लावण्याचा मास्क.

जोडकाड्या विकत मिळतात. नसल्यास भंगारातून तयार कराव्यात. फुटक्या बंपरच्या ३ ते ४ मि.मी. रुंदीच्या पट्ट्या कापल्या की पॉलिप्रॉपिलीनच्या काड्या होतात. मोडक्या साच्यातील खुर्च्याही बहुधा याच जातीच्या असतात, तरी तळाची खूण पाहून खात्री करावी. तुषार सिंचनाच्या खराब झालेल्या एचडीपीई पाइपाच्या पट्ट्या फक्त पॉलिथिलीनसाठी वापराव्यात. तारा बांधण्याचे केबल टाय नायलॉनचे असतात व ते नायलॉनच्या भागांसाठी चालतात. बंपरच्या जोडात पाइपाची पट्टी भरू नये. दोन्ही प्लॅस्टिके दिसायला सारखी असली तरी ती एकजीव होत नाहीत.

पूर्वतयारी

१) भाग वाहनावरून काढून घ्यावा. वाहनावर असतानाच उष्णता देणे धोक्याचे आहे, कारण जवळ डिझेलच्या नळ्या व वायरिंग असते. दिव्यांचे भाग काढण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडावी.

२) भाग साबणाच्या पाण्याने दोन्ही बाजूंनी धुऊन सावलीत पूर्ण वाळवावा. तेल, ग्रीस किंवा माती राहिल्यास जोड धरत नाही.

३) तड्याचे टोक शोधावे व तेथे ३ मि.मी.चे छिद्र पाडावे. तड्याच्या टोकदार शेवटावर सर्व ताण एकवटतो आणि तडा पुढे सरकतो. गोल छिद्रामुळे हा ताण सभोवार वाटला जातो व तडा थांबतो. केसासारखी बारीक भेग नजरेला दिसते त्यापेक्षा थोडी पुढे गेलेली असते. म्हणून छिद्र दिसणाऱ्या टोकाच्या किंचित पुढे घ्यावे.

४) तड्याच्या दोन्ही कडा जुळवून पकडीने किंवा चिकटपट्टीने धराव्यात. वाकडेपणा तसाच ठेवून जोड करू नये.

५) बंपर फक्त चेपला असेल, तडकला नसेल, तर त्यावर उकळते पाणी ओतून आतून हाताने दाब द्यावा. पॉलिप्रॉपिलीन मऊ होऊन चेप बाहेर येतो. मग ओले गार फडके फिरवावे म्हणजे आकार कायम राहतो. या वेळी जाड हातमोजे घालावेत.

पद्धत पहिली : वितळजोड

ही पद्धत पॉलिप्रॉपिलीन, पॉलिथिलीन व नायलॉनसाठी वापरावी. पॉलिथिलीन सुमारे १३० अंशांना, पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६५ अंशांना व मोटारीतील नायलॉन २२० अंशांहून अधिक तापमानाला वितळते. सोल्डरिंग आयर्नचे टोक याहून बरेच गरम असते. म्हणून ते एका जागी रेंगाळू देऊ नये. धूर निघाला किंवा प्लॅस्टिक तपकिरी झाले तर ते करपले असे समजावे. करपलेल्या प्लॅस्टिकमध्ये ताकद राहत नाही. ते चाकूने खरवडून काढून टाकावे.

प्रथम आतल्या बाजूने तड्यावर गरम टोक हलकेच फिरवून दोन्ही कडा जागोजाग टाचून घ्याव्यात. त्यानंतर दर्शनी बाजूने तड्याच्या रेषेवर इंग्रजी व्ही आकाराची खाच करावी. खाचेची खोली जाडीच्या दोन तृतीयांश असावी. खाचेचा तळ व जोडकाडीचे टोक एकाच वेळी मऊ करून काडी खाचेत दाबत पुढे जावे. काडी वितळली पण खाच थंड राहिली, तर वर नुसता थर बसतो व तो नंतर सुटून येतो. दोन्ही वितळून एकमेकांत मिसळले पाहिजेत. हेच या पद्धतीचे मर्म आहे. गरम हवेची बंदूक असल्यास हवेचे तापमान ३०० अंशांच्या आसपास ठेवावे.

दर्शनी बाजूचा जोड थंड झाल्यावर आतल्या बाजूनेही खाच करून तसाच जोड द्यावा. दुसरी खाच पहिल्या जोडाच्या भरावापर्यंत पोहोचावी, म्हणजे मध्ये न जुळलेली रेषा शिल्लक राहत नाही. जोड आपोआप थंड होऊ द्यावा. घाईने पाणी ओतल्यास आत ताण राहतो व भाग वाकडा होतो.

नायलॉन हवेतील ओलावा शोषून घेते. ओले नायलॉन वितळताना बुडबुडे येतात व जोड सच्छिद्र होतो. म्हणून जोडापूर्वी भाग काही तास कडक उन्हात ठेवून वाळवावा. पावसाळ्यात हे काम शक्यतो टाळावे.

पद्धत दुसरी : एबीएससाठी ॲसिटोनमधील लगदा

एबीएसच्या भंगार भागाचे बारीक तुकडे करून झाकणाच्या काचेच्या बरणीत टाकावेत. तुकडे बुडतील इतके ॲसिटोन ओतून झाकण लावून रात्रभर ठेवावे. सकाळी ढवळल्यास मधासारखा दाट लगदा तयार होतो. पातळ झाल्यास आणखी तुकडे घालावेत.

तड्याला खाच करून कडांवर ब्रशने थोडे ॲसिटोन लावावे. त्या मऊ झाल्या की लगदा भरावा. एकदम जाड थर न देता दोन-तीन पातळ थर द्यावेत व प्रत्येक थर सुकू द्यावा. आतल्या बाजूने सुती कापडाची किंवा काचेच्या जाळीची पट्टी लगद्यात भिजवून चिकटवल्यास जोड भक्कम होतो. ॲसिटोन पूर्ण उडून जाण्यास किमान २४ तास लागतात. तोपर्यंत भाग बसवू नये. ॲसिटोन अत्यंत ज्वालाग्राही आहे. त्याच्याजवळ विडी, चूल किंवा ठिणगी नसावी.

पद्धत तिसरी : फायबरचे मडगार्ड व छत

१) तड्याच्या दोन्ही बाजूंना आतून ५ ते ७ सें.मी. रुंदीपर्यंत ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून जुना रंग काढावा. तड्याकडे हळूहळू खोल होत जाणारा उतार करावा. भुकटी ब्रशने झाडून ॲसिटोनने पुसावे. दर्शनी बाजूला तड्यावर चिकटपट्टी लावावी म्हणजे रेझिन गळणार नाही.

२) ३०० किंवा ४५० ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाच्या काचेच्या चटईचे तीन तुकडे कापावेत. पहिला तड्यापेक्षा थोडा मोठा व पुढचे दोन क्रमाने २ ते ३ सें.मी. मोठे असावेत.

३) चटईच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन घ्यावे. कोबाल्ट आधीच मिसळलेले रेझिन मागून घ्यावे. १०० ग्रॅम रेझिनमध्ये १ ते २ ग्रॅम हार्डनर मिसळून चांगले ढवळावे. उन्हाळ्यात १ ग्रॅम पुरते. जास्त घातल्यास रेझिन भांड्यातच तापून घट्ट होते. एका वेळी १५ मिनिटांत संपेल एवढेच मिश्रण करावे.

४) घासलेल्या जागेवर ब्रशने रेझिन लावून त्यावर पहिला तुकडा ठेवावा. ब्रशने टिपून टिपून चटई पूर्ण भिजवावी. पांढरे ठिपके दिसल्यास तेथे हवा अडकली आहे असे समजावे. ती दाबून बाहेर काढावी. त्यावर दुसरा व तिसरा तुकडा तसाच बसवावा. एकाच बैठकीत चारपेक्षा जास्त थर देऊ नयेत, कारण घट्ट होताना रेझिन स्वतः तापते.

५) २४ तासांनी दर्शनी बाजूची खाच भरून घ्यावी, लांबी लावून घासावे व रंग द्यावा. लांबी ही केवळ सफाईसाठी असते. तिच्यात ताकद नसते, म्हणून नुसती लांबी भरून तडा बुजवू नये.

महत्त्वाची सूचना : हार्डनर व कोबाल्ट हे दोन द्रव कधीही थेट एकत्र करू नयेत. त्यांची प्रक्रिया स्फोटक असते. कोबाल्ट वेगळे मिळाले असल्यास ते आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळावे व नंतरच हार्डनर घालावे. दोन्हींच्या बाटल्या एकमेकींपासून दूर, सावलीत व मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. तसे घडल्यास लगेच स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटे डोळा धुऊन डॉक्टरांकडे जावे.

मजबुतीकरण

जोड झाला म्हणजे काम संपले असे नाही. तडा जेथे गेला ती जागा मुळातच कमजोर किंवा जास्त ताणाची असते. त्यामुळे मागून आधार देणे आवश्यक आहे. हा आधार नेहमी आतल्या बाजूने द्यावा म्हणजे दर्शनी भाग बिघडत नाही.

१) जाळी : स्टेनलेस स्टीलच्या बारीक जाळीची ३ ते ४ सें.मी. रुंद पट्टी तड्यावर ठेवून गरम टोकाने ती प्लॅस्टिकमध्ये अर्ध्या जाडीपर्यंत दाबावी. वरून त्याच जातीची काडी वितळवून जाळी झाकावी. साधी लोखंडी जाळी गंजते व गंजताना फुगून प्लॅस्टिक फोडते, म्हणून ती वापरू नये.

२) तापवलेल्या पिना : नागमोडी आकाराच्या स्टीलच्या पिना विजेवर तापवून प्लॅस्टिकमध्ये रुतवणारे यंत्र गॅरेजमध्ये वापरले जाते. पिना तड्याला आडव्या व दर २ ते २.५ सें.मी. अंतरावर बसवाव्यात. पीन जाडीच्या निम्म्यापर्यंतच जाऊ द्यावी, पलीकडे निघू देऊ नये. प्लॅस्टिक थंड झाल्यावर बाहेरची टोके कापून कानशीने घासावीत. या पिना कडा घट्ट धरून ठेवतात, परंतु वितळजोडाची जागा घेत नाहीत.

३) मोडलेला कान : कान पुन्हा चिकटवून त्याच्या मागे १.५ ते २ मि.मी. जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी लावावी. पट्टी भागाच्या शाबूत जागेपर्यंत न्यावी व दोन छोट्या बोल्टांनी धरावी. प्रत्येक बोल्टला रुंद वायसर घालावा म्हणजे दाब पसरतो.

४) फासळी : रुंद सपाट भाग हादऱ्याने फडफडत असेल तर आतून त्याच जातीच्या प्लॅस्टिकची उभी पट्टी फासळीसारखी जोडावी. पत्र्याला पन्हळ घातल्याने जशी ताकद येते, तशीच फासळीने सपाट भागाला येते. फायबरमध्ये दोरीवर रेझिनमधील चटई चढवूनही अशी फासळी करता येते.

भाग पुन्हा बसवताना

बोल्टचे छिद्र बोल्टपेक्षा १ ते २ मि.मी. मोठे असावे. लांब भागाच्या दोन्ही टोकांची छिद्रे लांबट करावीत म्हणजे उन्हाने वाढण्याला जागा राहते. प्रत्येक बोल्टखाली रबरी वायसर घालावा. तो हलकेच दबेल एवढाच बोल्ट आवळावा व सैल होऊ नये म्हणून नायलॉनचा लॉक नट वापरावा. सर्व बोल्ट आधी सैल बसवून भाग जागेवर आल्यावरच क्रमाने आवळावेत. भाग ओढून-ताणून छिद्रावर आणू नये. पॉलिप्रॉपिलीनला रंग द्यायचा असल्यास आधी प्लॅस्टिकसाठीचा खास प्रायमर लावावा, नाहीतर रंगाची साल निघते.

पंख्याचे वेष्टन बसवल्यावर इंजिन बंद असताना पंखा हाताने फिरवून तो कोठेही घासत नाही याची खात्री करावी. दिव्याची चौकट बसवल्यावर रात्री सपाट जागी उजेड कोठे पडतो ते पाहून दिवा नीट करावा.

काम करताना घ्यावयाची काळजी

काम उघड्यावर किंवा हवेशीर जागी करावे. वितळणाऱ्या प्लॅस्टिकचा धूर छातीत घेऊ नये. पीव्हीसी तापवल्यास त्यातून झोंबणारा आम्लयुक्त वायू निघतो, म्हणून ओळख न पटलेले प्लॅस्टिक तापवू नये. फायबर घासताना मास्क, चष्मा व पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत. काचेची भुकटी अंगावर पडल्यास आधी गार पाण्याने धुवावी, चोळू नये. वितळलेले प्लॅस्टिक हातावर पडल्यास ओढून काढू नये. वाहते गार पाणी सोडावे व दवाखान्यात जावे.

हे भाग दुरुस्त करू नयेत

१) डिझेल व पेट्रोलच्या टाक्या. रिकाम्या टाकीतही वाफ असते व उष्णतेने तिचा स्फोट होतो.
२) फवारणी पंपाची टाकी. प्लॅस्टिकमध्ये मुरलेली कीटकनाशके तापवल्यावर विषारी धूर निघतो व फुटका जोड पाठीवर गळतो.
३) रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या व ब्रेकच्या तेलाची डबी. यांवर दाब असतो किंवा त्यांच्यावर जीव अवलंबून असतो.
४) ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टवरील संरक्षक आवरण. ते तडकले की नवीनच बसवावे.
५) पंख्याची पाती. जोडलेले पाते वेगात फिरताना तुटून उडते.
६) हेल्मेट. त्याला तडा गेला की त्याचे काम संपले असे समजावे.
७) दिव्यांच्या काचा. डिंकाने जोडलेल्या काचेतून उजेड फाकतो व आत पाणी शिरते. त्या बदलाव्यात. चौकटीचा कान मात्र जोडण्यास हरकत नाही.

सारांश

प्लॅस्टिक भागांच्या दुरुस्तीत पाच गोष्टी क्रमाने कराव्यात : जात ओळखावी, तड्याचे कारण दूर करावे, तड्याच्या टोकाला छिद्र पाडावे, त्याच जातीच्या पदार्थाने जोड द्यावा आणि मागून आधार द्यावा. यांतील एकही पायरी गाळू नये. नवशिक्याने थेट बंपरवर हात न टाकता भंगारातील तुकड्यावर दोन-चार जोड करून, ते वाकवून व मोडून पाहावेत. जोड जोडावरच सुटला तर उष्णता कमी पडली किंवा जात चुकली. जोडाशेजारचे प्लॅस्टिक मोडले तर हात बसला असे समजावे.

खरिपाच्या मशागतीपूर्वी व ऊस वाहतूक सुरू होण्यापूर्वी, असे वर्षातून दोनदा वाहनाचे सर्व प्लॅस्टिक भाग धुऊन तपासावेत. बोटभर लांबीचा तडा अर्ध्या दिवसाच्या कामात थांबतो. तोच हंगामात वाढला तर सुट्या भागासाठी तालुक्याला खेपा घालाव्या लागतात आणि वाहन दारात उभे राहते. शेतकरी बंधूंनी ही तपासणी तेलपाण्याच्या कामाबरोबरच उरकल्यास खर्चात बचत होईल, वाहन वेळेवर उपलब्ध राहील आणि रस्त्यावरील प्रवासही सुरक्षित होईल.